कुंडीतली कोमेजलेली तुळस पुन्हा कशी फुटवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सज्जातली किंवा दारातल्या वृंदावनातली तुळस माना टाकू लागली की बहुतेक घरांत एकच उपाय केला जातो, तो म्हणजे आणखी एक तांब्या पाणी. पुष्कळदा त्याच तांब्याने ती दगावते. कोमेजलेल्या तुळशीबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली असून, शेवटी कढीपत्ता, पुदिना आणि पानओवा यांचाही थोडक्यात विचार केला आहे.

तुळशीने माना टाकल्या आहेत. सर्वांत आधी काय करावे?

पाणी न घालता मातीत बोट खुपसून पाहावे. तर्जनीची दोन पेरे आत जातील इतक्या खोलीवरची माती महत्त्वाची असते, कारण वरचा थर दोन्ही बाजूंनी फसवतो: वाऱ्याने तो तासाभरात पांढरा पडतो आणि खाली चिखल तसाच राहतो, किंवा वरून नुकतेच शिंपडल्यामुळे तो ओला दिसतो आणि खाली ढेकूळ कोरडे असते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मूठ वळली तर माती एकत्र येते पण हाताला पाणी सुटत नाही, तशी अवस्था तुळशीला मानवते.

पाणी कमी पडलेली आणि पाणी जास्त झालेली तुळस दुरून सारखीच दिसते, कारण दोन्ही प्रकारांत पानांपर्यंत पाणी पोहोचत नसते. एकीकडे मातीत पाणीच नसते आणि दुसरीकडे पाणी असूनही ते ओढून घेणारी मुळे कुजलेली असतात. जवळून पाहिल्यावर मात्र फरक कळतो. तहानलेल्या तुळशीची पाने कडेने कुरकुरीत होतात आणि कुंडी उचलल्यावर हलकी लागते. पाण्याने गुदमरलेल्या तुळशीची पाने मऊ व पिवळी होतात, आधी खालची गळतात, बुंधा मातीलगत काळपट दिसतो आणि कुंडी जड लागते.

वेळेचेही भान ठेवावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन वाजता तुळस लोळागोळा दिसणे हा रोग नाही. पानांतून उडणारे पाणी मुळांच्या पुरवठ्यापेक्षा अधिक झाले की ती तात्पुरती मान टाकते आणि ऊन उतरल्यावर सावरते. सकाळी सहा वाजताही मान खालीच असेल, तर मात्र काहीतरी बिघडले आहे.

रोप जिवंत आहे की गेले, हे कसे ओळखावे?

जमिनीपासून चार बोटे उंचीवर खोडाची साल नखाने किंचित खरवडावी. आत ओलसर हिरवा रंग दिसला तर रोप जिवंत आहे, मग वर एकही पान उरलेले नसले तरी हरकत नाही. आत तपकिरी आणि कोरडे लागले तर आणखी खाली, मातीच्या अगदी जवळ खरवडून पाहावे. फांद्यांचे शेंडे मोडून केलेली परीक्षा पुरेशी नसते, कारण तुळस वरून खाली वाळत येते आणि शेंडे काडीसारखे तुटत असतानाही बुंध्याशी फुटण्याची ताकद शिल्लक असू शकते. बुंध्यापर्यंत सर्वत्र तपकिरी दिसले, तर त्या रोपावर वेळ घालवू नये.

माती कोरडी ठणठणीत आहे आणि घातलेले पाणी लगेच खालून निघून जाते. असे का?

पूर्ण वाळलेली माती आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. घातलेले पाणी त्या फटीतून खाली धावते व मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. वाळलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तर सुरुवातीला पाणी धरतच नाही. अशा वेळी वरून तांब्यामागून तांब्या ओतण्याऐवजी कुंडी पाण्याच्या घमेल्यात किंवा बादलीत निम्म्या उंचीपर्यंत ठेवावी. खालच्या भोकातून पाणी वर चढते आणि मातीतून बुडबुडे येऊ लागतात. बुडबुडे थांबले आणि वरची माती ओली दिसू लागली, म्हणजे साधारण 20 ते 30 मिनिटांनी, कुंडी बाहेर काढून निथळू द्यावी. नंतर दोन-तीन दिवस ती थेट उन्हात न ठेवता उजेडाच्या सावलीत ठेवावी. केवळ पाण्याअभावी कोमेजलेली तुळस बहुधा संध्याकाळपर्यंत मान वर करते. जी पाने कुरकुरीत झाली ती परत हिरवी होत नाहीत. ती खुडून टाकावीत.

माती ओलीच आहे, तरी तुळस कोमेजली. हे कसे?

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळे गुदमरतात, आणि मग त्यांच्यावर कुज आणणाऱ्या बुरशीचा हल्ला होतो. येथे उपचार थोडा कष्टाचा आहे, परंतु तो टाळल्यास रोप वाचण्याची शक्यता फार कमी राहते.

वर्तमानपत्र अंथरून कुंडी आडवी करावी, कडेने थोपटावी आणि रोप मातीच्या गोळ्यासकट सरकवून बाहेर घ्यावे. बुंध्याला धरून ओढू नये. निरोगी मुळे पांढरट आणि ताठ असतात. कुजलेली मुळे तपकिरी-काळी असतात, चिमटीत धरून ओढली की त्यांची साल निसटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरतो, शिवाय मातीला गटारासारखा वास येतो. अशी सर्व मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत. मुळे जितकी कमी झाली त्याच प्रमाणात वरच्या फांद्याही कमी कराव्यात, कारण उरलेल्या मुळांना पूर्वीइतक्या पानांना पाणी पुरवता येणार नाही. मग नव्या, भुसभुशीत मातीत रोप लावावे आणि एकदाच बेताचे पाणी द्यावे. पुढचे पाणी वरची दोन पेरे माती सुकल्यावरच द्यावे. जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरण्याचा मोह टाळलेला बरा.

नव्या मातीसाठी दोन भाग बागेतली माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर वाळू असे मिश्रण पुरते. काळी माती असेल तर वाळू वाढवावी, कारण काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते.

रोज सकाळी तुळशीला पाणी घालण्याची घरची रीत आहे. ती मोडायची का?

अजिबात नाही. अंगणातल्या वृंदावनाखाली जमिनीशी जोडलेली माती असे, त्यामुळे रोजचा तांब्याभर जास्तीचा ओलावा खाली मुरून जाई. दहा इंचांच्या कुंडीला ती सोय नाही. रीत तीच ठेवून प्रमाण बदलावे: पळीभर पाणी घालावे, आणि माती ओली असेल त्या दिवशी ते कुंडीच्या कडेने सोडावे. घरात आजी, सून आणि शाळेत जाणारी नात अशा तिघींनीही आपापला तांब्या घातला, की तुळशीला दिवसातून तीन वेळा आंघोळ होते. हा प्रकार विनोदी वाटला, तरी एकत्र कुटुंबांत तुळस जाण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. पाणी कोणी एकाने घालावे आणि बाकीच्यांनी हात जोडावेत.

दूध, हळदकुंकू, निर्माल्य आणि दिवा यांमुळे अपाय होतो का?

दूध मातीत नासते, त्यावर बुरशी धरते, मुंग्या येतात आणि चिलटे घोंघावू लागतात. हळदकुंकवाची चिमूट अपाय करत नाही, पण त्याचा रोज थर बसत गेला तर मातीचा पृष्ठभाग लिंपल्यासारखा होतो. बाजारातल्या स्वस्त कुंकवात कोणते रंग असतील ते सांगता येत नाही, म्हणून ते रोपाऐवजी कुंडीला लावावे. निर्माल्याची फुले बुंध्याशी साचू देऊ नयेत. ती वेगळ्या डब्यात कुजवून त्यांचे खत करता येते. दिव्याची ज्योत पानांपासून हातभर दूर असावी. एकाच बाजूची पाने करपत असतील, तर संध्याकाळी दिवा कोठे ठेवला जातो तेवढे पाहावे.

रोपवाटिकेतून आणलेली हिरवीगार तुळस पंधरा दिवसांत वाळली. आमचे काय चुकले?

बहुधा तुमच्या हातून काही चुकलेले नसते. आपल्याकडे पुष्कळ रोपे काळ्या पिशवीत चिकट लाल मातीच्या गोळ्यात वाढवलेली असतात. वाहतुकीत मुळे हलू नयेत म्हणून ही माती सोयीची असते. तोच गोळा तसाच्या तसा कुंडीत ठेवला की भोवतालची नवी माती पाणी पिते आणि मधला गोळा विटेसारखा घट्ट होतो. माझी एक कृष्णतुळस अशीच गेली. उपटून पाहिली तेव्हा तीन आठवड्यांनंतरही गोळ्याचा आकार पिशवीचाच होता, आणि एकही मूळ त्याच्या बाहेर आले नव्हते.

म्हणून नवे रोप आणल्यावर ते आठवडाभर पिशवीतच सावलीत ठेवून घरच्या हवेची सवय होऊ द्यावी. लावण्यापूर्वी गोळा अर्धा तास पाण्यात ठेवून बोटांनी हलक्या हाताने बाहेरची माती निम्म्याने सोडवावी. सगळी माती धुऊन काढण्याची गरज नाही. बारीक तंतुमुळे तुटली तर रोप आणखी खचते. लावणी संध्याकाळी करावी.

मंजिऱ्या ठेवाव्यात की खुडाव्यात?

रोप टिकवायचे असेल तर खुडाव्यात, आणि त्या कोवळ्या असतानाच. बी धरणे हे तुळशीच्या दृष्टीने आयुष्याचे काम असते. एकदा मंजिऱ्या पिकून तपकिरी झाल्या की पाने बारीक येऊ लागतात, फांद्या काष्ठासारख्या होतात आणि नवी पालवी मंदावते. हिरवी मंजिरी दिसताच तिच्याखालच्या पानांच्या जोडीसकट शेंडा खुडला, तर त्याखालच्या पेराच्या, म्हणजे पाने फुटतात त्या गाठीच्या, दोन्ही बगलांतून दोन फुटवे निघतात आणि रोप झुडपासारखे भरते. विठ्ठलाला मंजिऱ्यांसह तुळस वाहण्याची प्रथा पाळणाऱ्या घरांत तुळस डेरेदार राहते, त्यामागे ही नित्याची खुडणी असावी, असे मला वाटते. बियांसाठी एखाद-दुसरी मंजिरी राखून ठेवावी.

छाटणी किती आणि केव्हा करावी?

कोमेजलेल्या रोपाची एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त हिरवी वाढ काढू नये. वाळलेल्या काड्या मात्र हिरवी साल लागेपर्यंत पूर्ण काढाव्यात, कारण त्या परत फुटत नाहीत. काप पेराच्या जरा वर, तिरपा आणि धारदार कात्रीने घ्यावा. सर्वांत चांगला काळ फेब्रुवारी-मार्चचा, थंडी ओसरल्यावरचा. पावसाळ्याच्या तोंडावरही चालते. भर उन्हाळ्यात आणि कडाक्याच्या थंडीत मोठी छाटणी टाळावी. अनेक घरांत रविवारी आणि द्वादशीला तुळस तोडत नाहीत. नोकरदारांना नेमका रविवारच मोकळा मिळतो, तेव्हा हे काम शनिवारी संध्याकाळी उरकावे.

कोणते खत दिल्यास तुळस लवकर सावरेल?

आजारी रोपाला खत देऊ नये. मुळे दुखावलेली असताना खताचे क्षार मातीत वाढले, तर मुळांना पाणी ओढणे आणखी अवघड जाते. नवी पाने फुटून पंधरा दिवस झाल्यावर दहा-बारा इंचांच्या कुंडीला मूठ-दोन मुठी गांडूळखत द्यावे आणि वरची माती खुरप्याने हलवावी. पुढे महिन्यातून एकदा तेवढेच पुरते. चिमूटभर निंबोळी पेंड मिसळल्यास मातीतल्या किडींनाही आळा बसतो.

चहाच्या चोथ्याविषयी हमखास विचारले जाते. आपल्याकडचा चहा दूध-साखरेसह उकळलेला असतो, त्यामुळे चोथा तसाच टाकला तर मुंग्या आणि बुरशी यांना आमंत्रण मिळते. तो दोन-तीन पाण्यांनी धुऊन, उन्हात वाळवून, तोही कंपोस्टच्या डब्यात टाकावा.

मातीवर पांढरा थर दिसत असेल तर तो बहुधा कूपनलिकेच्या जड पाण्याचे किंवा खताचे क्षार असतात. वरची बोटभर माती काढून नवी घालावी आणि महिन्यातून एकदा भोकातून भरपूर पाणी वाहून जाईल इतके पाणी द्यावे.

पानांवर कापसासारखे पांढरे, किंवा खालच्या बाजूला काळे ठिपके दिसतात. ही कीड आहे का?

कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. तो पेरांच्या बेचक्यांत बसून रस शोषतो. पानाच्या वरच्या बाजूला फिकट ठिपके, खालच्या बाजूला डांबरासारखे काळे थेंब आणि जाळीदार पंखांचे बारीक किडे दिसले, तर तो तुळशीवरचा जाळीदार ढेकूण होय. तो पाने वाकडी करून वाळवतो आणि लोकांना वाटते की पाणी कमी पडले. कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो, त्याचे सूक्ष्म जाळे शेंड्यांवर दिसते.

प्रादुर्भाव थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या खालच्या बाजू धुणे आणि बिघडलेले शेंडे कापून टाकणे पुरते. जास्त असेल तर एक लिटर कोमट पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि द्रवसाबणाचे काही थेंब मिसळून, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे, आणि सात-सात दिवसांनी असे तीनदा करावे. आधी एका फांदीवर फवारून दोन दिवस पाहावे. उन्हात फवारल्यास पाने भाजतात. या काळात ती पाने चहात, काढ्यात किंवा नैवेद्यावर वापरू नयेत. रासायनिक कीटकनाशक तुळशीवर मारू नये, कारण ती पाने कोणीतरी जाता-येता तोंडात टाकतेच.

ऊन किती लागते? ऋतूप्रमाणे जागा बदलावी का?

दिवसाला चार ते सहा तासांचे थेट ऊन मिळाले तर तुळस खुलते. पूर्वेचा सज्जा उत्तम. स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या खिडकीत ती उंच, लुकडी आणि फिकट होते व थोड्याशा पाण्यानेही कुजते.

विदर्भ-मराठवाड्यात पारा 42 अंशांच्या वर गेल्यावर दुपारचे पश्चिमेचे ऊन टाळावे. हिरव्या शेडनेटची किंवा जुन्या सुती साडीची सावली चालते. सिमेंटची गच्ची तापते, म्हणून कुंडी विटांवर ठेवावी. कोकणात आणि मुंबईत खरी परीक्षा पावसाळ्यात असते, कारण आठवडेच्या आठवडे माती सुकत नाही. तेव्हा कुंडी छपराच्या कडेला घ्यावी आणि खालची बशी काढून टाकावी. नाशिक, निफाड भागांत थंडीचा कडाका पडतो तेव्हा पाने तांबूस-जांभळी होऊन गळतात. रात्री कुंडी भिंतीलगत घ्यावी आणि पाणी सकाळी उन्हे आल्यावर द्यावे. थंडीत वाढ थांबते, म्हणून पाण्याची गरजही निम्म्यावर येते, पण हातांना सवय उन्हाळ्याचीच राहिलेली असते.

कुंडी कोणती असावी? बाजारातले तयार वृंदावन चालेल का?

दहा ते बारा इंचांची मातीची कुंडी सर्वांत चांगली, कारण तिच्या अंगातून ओलावा बाहेर पडतो. तुळशीच्या लग्नाला हौसेने तिला ऑइलपेंट दिला की तो गुण संपतो, गेरूने रंगवावी. तयार वृंदावनांपैकी पितळी, संगमरवरी आणि फायबरची अनेक वृंदावने शोभेची असतात आणि त्यांना तळाला भोकच नसते. अशा वृंदावनात भोक असलेली लहान कुंडी तशीच ठेवावी व आत साचलेले पाणी ओतून द्यावे. भोक असल्यास त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे माती अडते व पाणी निघते. पाच-सहा महिन्यांनी भोकात काडी घालून पाहावे. मुळांनी ते बुजलेले असते.

कढीपत्ता, पुदिना आणि पानओवा यांनाही हेच उपाय लागू पडतात का?

बोटाची परीक्षा सर्वांना लागू आहे, पुढचे उपाय वेगळे. कढीपत्त्याने थंडीत पाने गाळणे स्वाभाविक असते. तेव्हा पाणी कमी करून थांबावे, फेब्रुवारीअखेर तो आपोआप फुटतो. पुदिना नेमका उलट: त्याला ओल आवडते, आणि तो कोमेजतो तेव्हा बहुधा कुंडी मुळांनी खचाखच भरलेली असते. तो उपटून, गड्ड्याचे तीन भाग करून, जमिनीलगत कापून पुन्हा लावावा. पानओव्याच्या मांसल पानांत पाण्याचा साठा असतो. त्याला विसरलेले चालते, रोज आठवण ठेवलेली चालत नाही.

थंड देशात घरात ठेवलेली तुळस दर हिवाळ्यात जाते. तिला वाचवता येईल का?

तुळस उष्ण प्रदेशाची असल्याने तिला हिमतुषार सोसत नाही. रात्रीचे तापमान 10 अंशांच्या जवळ येण्यापूर्वीच ती आत घ्यावी आणि दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवावी, मात्र घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या धगीपासून दूर. हिवाळ्यातला उजेड अपुरा पडतो. वाढीसाठीचा दिवा दिवसाला बारा तास लावल्यास पाने टिकतात. ते शक्य नसेल तर शरद ऋतूतच बी राखून ठेवावे आणि वसंतात नवे रोप करावे.

मूळ रोप वाचत नसेल, तर त्याच तुळशीपासून दुसरी करता येईल का?

येते, आणि बुंधा कुजत असल्याची खूण दिसताच हे काम आधी करावे, कारण वरचे शेंडे तेव्हा अजून ताजे असतात. मंजिरी नसलेला, चार-पाच इंचांचा कोवळा शेंडा पेराच्या लगेच खाली कापावा, खालची पाने काढावीत, वर चारच पाने ठेवावीत आणि पाण्याच्या पेल्यात उजेडाच्या सावलीत ठेवावा. पाणी दर दोन दिवसांनी बदलावे. साधारण आठ ते पंधरा दिवसांत पेराशी पांढरे टोक दिसते, आणि मुळे बोटाच्या एका पेराएवढी झाली की मातीत लावावा. एक लावण्यापेक्षा पाच-सहा शेंडे लावावेत, त्यातले दोन-तीन जगतात.

बियांपासून करायचे असल्यास वाळलेली मंजिरी तळहातावर चोळावी. मोहरीपेक्षाही बारीक काळसर-तपकिरी दाणे पडतात. ते ओल्या मातीवर पसरून वर बोटाने हलके दाबावेत, मातीत खोल पुरू नयेत. तांब्याने पाणी घातले तर ते एका कोपऱ्यात वाहून जातात, म्हणून पहिले पंधरा दिवस फक्त फवारा मारावा. दोन इवल्या पानांच्या रांगा उगवल्यावर, प्रत्येक रोपाला चार-सहा पाने येईपर्यंत, त्यांना हात लावू नये.